जेनेटिक टेस्ट गाठीची आहे, खानदानाची नाही

लिम्फोमाच्या पेशंटच्या फाइलमध्ये डॉक्टरांनी ‘जेनेटिक टेस्ट’ असे दोन शब्द लिहिले की घरात पैशांच्या आधी दुसरीच चर्चा सुरू होते. “म्हणजे हे आपल्या खानदानात आहे का? मुलांनाही होणार का? मुलीच्या रिश्त्याचं काय?” मग कुणी म्हणतं, ही टेस्ट राहू द्या. कुणी म्हणतं, करा, पण मोहल्ल्यात बोलू नका. या चर्चेत आठ-दहा दिवस सहज निघून जातात. काही प्रकारच्या लिम्फोमात हे दिवस फार मोलाचे असतात.

आपल्या नागपुरात ही भीती जास्त असण्याला कारणही आहे. विदर्भात सिकलसेल सर्वांना माहीत आहे. शाळा-कॉलेजांत त्याची शिबिरे होतात, लग्नाआधी दोघांची तपासणी करा असे सांगितले जाते. थॅलेसेमियाचेही तसेच. हे दोन्ही आजार आई-वडिलांकडून मुलांकडे जातात. त्यामुळे ‘जेनेटिक’ म्हटले की ‘खानदानी’ असा अर्थ आपल्या डोक्यात पक्का बसला आहे.

लिम्फोमाच्या बाबतीत हा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा आहे. इथे तपासली जातात ती गाठीतल्या बिघडलेल्या पेशींची जनुके. अब्बांच्या गाठीत सापडलेला बदल मुलाच्या रक्तात असतो, असे नाही. या लेखात तेच नीट समजून घेऊ.

छापील चूक आणि वहीतली चूक

शाळेतले उदाहरण घ्या. पाठ्यपुस्तकात छपाईचीच चूक असेल तर ती वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या पुस्तकात येते. सिकलसेल हा असा आजार आहे. चूक मूळ प्रतीतच असते आणि शरीराच्या प्रत्येक पेशीत उतरते. म्हणून ती पुढच्या पिढीतही जाऊ शकते.

आता दुसरी चूक पाहा. पुस्तक बरोबर आहे, पण एका मुलाने वहीत उतरवताना एक ओळ चुकीच्या जागी लिहिली. ही चूक त्या वहीपुरती. लिम्फोमातले बदल बहुतेक असेच असतात. माणूस जन्मतो तेव्हा ते नसतात. पुढे कधीतरी, पेशींचे विभाजन होताना, एखाद्या पेशीत ते घडतात. त्या पेशीच्या पिलावळीतच ते राहतात. ते बीजपेशींत किंवा स्त्रीबीजात नसल्यामुळे मुलांकडे जात नाहीत.

लिम्फोमा म्हणजे नेमके काय

मानेत, काखेत, जांघेत, छातीत आणि पोटात छोट्या छोट्या ग्रंथी असतात. आपण त्यांना गिल्टी म्हणतो. मराठीत लसिका ग्रंथी. जंतूंशी लढणाऱ्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची ही ठाणी. घसा दुखला की मानेतली गिल्टी सुजते, ती याचमुळे. या लिम्फोसाइट पेशींचाच कॅन्सर झाला की त्याला लिम्फोमा म्हणतात. थॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टरांनी १८३२ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले, त्यावरून एका गटाला हॉजकिन लिम्फोमा हे नाव पडले. बाकीचे सगळे नॉन-हॉजकिन. दोन्ही मिळून अनेक उपप्रकार आहेत आणि इलाज उपप्रकारानुसार ठरतो.

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की बरेच लिम्फोमा पूर्ण बरे होतात. हॉजकिन लवकर सापडला तर १०० पैकी ९० च्या आसपास रुग्ण बरे होतात. पण आधी तो सापडला पाहिजे, आणि नेमका कोणता आहे ते कळले पाहिजे.

टीबी की लिम्फोमा?

आपल्याकडे खरी अडचण इथे येते. मानेत न दुखणारी गाठ, संध्याकाळी ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम, वजन उतरणे. ही लक्षणे टीबीचीही आहेत आणि लिम्फोमाचीही. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. त्यामुळे मानेतली गाठ पाहून डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येणे स्वाभाविक आहे, आणि बऱ्याचदा तो टीबीच असतो. जुन्या लोकांनी त्याला गंडमाळ असे नावच देऊन ठेवले आहे.

प्रश्न येतो तो नुसत्या अंदाजावर टीबीची औषधे सुरू झाली आणि महिने निघून गेले तर. म्हणून गाठीतून नमुना घेऊन पुरावा मिळवणे गरजेचे. गंमत म्हणजे टीबीचा हा पुरावासुद्धा आज जनुकीय तपासणीनेच मिळतो. सीबीनॅट ही टेस्ट तुम्ही ऐकली असेल. ट्रूनॅटही तशीच, तिचे यंत्र गोव्यातल्या मोल्बायो कंपनीने बनवले आहे. या टेस्ट नमुन्यात टीबीच्या जंतूचे जनुक शोधतात. सरकारी टीबी कार्यक्रमात त्या मोफत होतात. ही टेस्ट केली म्हणून खानदानात टीबी आहे असे कुणी म्हणत नाही. कारण आपल्याला माहीत असते की जनुक जंतूचे तपासले आहे. लिम्फोमात जनुक गाठीचे तपासतात. समजायचे ते एवढेच.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. टीबीच्या इलाजात सुरुवातीला काही वेळा गाठ थोडी वाढतेही, तेव्हा घाबरून स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. पण गाठ वाढतच राहिली, नव्या गाठी आल्या, ताप-घाम थांबला नाही, तर “पुन्हा बायोप्सी करायची का?” असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि निदान होण्याआधी स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठ काही दिवस विरघळल्यासारखी होते, पेशंटला बरे वाटते, आणि बायोप्सीत काहीच नीट दिसत नाही. आजार मात्र आत तसाच असतो.

तुकडा नीट घेतला तरच टेस्ट नीट

बारीक सुईने गाठीतले पाणी-पेशी ओढतात त्याला एफएनएसी म्हणतात. ती सोपी आणि स्वस्त. टीबीसाठी बऱ्याचदा पुरते. पण लिम्फोमाचा प्रकार ठरवायला ती सहसा पुरत नाही, कारण पेशी एकमेकींशी कशा रचल्या आहेत हे तिच्यात दिसत नाही. शक्य असेल तेव्हा पूर्ण गाठ काढून तपासणे सर्वांत चांगले. गाठ खोल असेल तर जाड सुईने तुकडा घेतात. मानेवरच्या छोट्या टाक्याची लोकांना, विशेषतः मुलीच्या आईला, काळजी वाटते. पण तो टाका काही दिवसांत भरून येतो. चुकीच्या निदानाची किंमत त्याहून फार मोठी असते.

काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. टीबीची शंकाही असेल तर त्यातला थोडा भाग वेगळ्या बाटलीत, फॉर्मेलिनशिवाय, सलाइनमध्ये पाठवावा लागतो, कारण फॉर्मेलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. बऱ्याच ठिकाणी बाटल्या लॅबपर्यंत नातेवाइकच नेतात. म्हणून हे माहीत असू द्या. फॉर्मेलिनची बाटली घरी दिवसेंदिवस पडून राहिली तर तुकड्यातला डीएनए तुटतो आणि पुढची जनुकीय टेस्ट फसू शकते. त्याच दिवशी पोहोचवा.

लॅबमध्ये तो तुकडा मेणात बसवून ठोकळा तयार करतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काचेवर घेतात, त्या स्लाइड. मायक्रोस्कोपखालची तपासणी आणि पेशीवरच्या खुणा ओळखणारी आयएचसी ही रंगाची तपासणी आधी होते. निदानाचा पाया हाच. जनुकीय टेस्ट त्यानंतर येते, तीही डॉक्टरांना गरज वाटली तर. हॉजकिनमध्ये बहुतेक वेळा तिची गरजच पडत नाही.

चाळीस पेपर आणि एकच चूक

जनुकीय टेस्ट कशी काम करते, हे पेपर तपासणारा कुणीही शिक्षक चटकन समजेल. चाळीस मुलांचे पेपर समोर आहेत. प्रत्येकाने आपापल्या शब्दांत उत्तर लिहिले असेल तर सगळे ठीक. पण तीस पेपरांत एकाच जागी तीच विचित्र चूक दिसली, तर समजावे की एकाचेच बाकीच्यांनी उतरवले आहे.

आपल्या लिम्फोसाइट पेशींचेही असेच असते. बी प्रकारची प्रत्येक पेशी तयार होताना आपल्या काही जनुकांचे तुकडे स्वतःच्या पद्धतीने जोडते, म्हणजे प्रत्येक पेशीची सही वेगळी. टी प्रकारच्या पेशींतही असेच घडते. जंतुसंसर्गाने गिल्टी सुजली तर तिच्यात हजारो वेगवेगळ्या सह्या सापडतात. लिम्फोमात मात्र बहुतेक पेशींची सही एकच निघते, कारण त्या सगळ्या एकाच बिघडलेल्या पेशीच्या प्रती असतात. पीसीआर पद्धतीने हे शोधतात. याला क्लोनॅलिटी टेस्ट म्हणतात. अर्थात नुसत्या सारख्या सहीवरून कॅन्सर म्हणता येत नाही. कधीकधी साध्या आजारातही असे दिसते. म्हणून रिपोर्टचा अर्थ मोबाइलवर शोधू नका. पॅथॉलॉजिस्ट स्लाइडसोबत ठेवून तो वाचतात.

दुसरी टेस्ट ‘फिश’ या नावाची. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. काही लिम्फोमात एका गुणसूत्राचा तुकडा तुटून दुसऱ्याला चिकटतो. फिशमध्ये त्या जागांना चमकणारे रंग लावतात. जे रंग जवळ असायला हवेत ते दूर दिसले, किंवा जे दूर असायला हवेत ते चिकटलेले दिसले, की अदलाबदल कळते.

या शोधाची सुरुवात आफ्रिकेत झाली. युगांडातल्या कंपाला शहरात काम करणारे सर्जन डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठींची माहिती प्रसिद्ध केली. त्या आजाराला आज बर्किट लिम्फोमा म्हणतात. पुढे कळले की त्यात ८ व्या आणि १४ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि मिक नावाचे, पेशींना वाढवणारे जनुक चुकीच्या जागी जाऊन सतत चालू राहते. अशाच प्रकारे फॉलिक्युलर लिम्फोमात बहुतेक वेळा १४ आणि १८ ची, तर मॅन्टल सेल लिम्फोमात ११ आणि १४ ची अदलाबदल सापडते.

रिपोर्टवरून इलाज बदलतो

“कॅन्सर तर कळलाच आहे, मग आणखी टेस्ट कशाला?” हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की काही वेळा याच टेस्टवरून औषध ठरते.

मोठ्या माणसांत सर्वाधिक आढळणारा नॉन-हॉजकिन म्हणजे डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. त्याला साधारणपणे आर-चॉप ही पाच औषधांची केमो दर २१ दिवसांनी देतात. त्यातले ‘आर’ म्हणजे रिटुक्सिमॅब. डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आणली तेव्हापासून ते जास्त रुग्णांच्या आवाक्यात आले. पण फिशमध्ये मिक आणि बीसीएल-२ या दोन्ही जनुकांची तोडजोड दिसली तर त्याला ‘डबल हिट’ म्हणतात. हा जास्त आक्रमक असतो आणि अशा वेळी डॉक्टर बऱ्याचदा अधिक कडक केमो निवडतात.

उलटही होते. लिम्फोमाच्याच नात्यातल्या सीएलएल या आजारात टीपी-५३ हे जनुक बिघडलेले असेल तर नेहमीची केमो नीट काम करत नाही. तेव्हा केमोचा त्रास आणि खर्च टाळून डॉक्टर वेगळ्या गोळ्या देतात. म्हणजे टेस्टमुळे कधी इलाज वाढतो, कधी निरुपयोगी इलाज वाचतो. म्हणून डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: “या रिपोर्टमुळे इलाजात काय बदलेल?” उत्तर ‘बदलेल’ असेल तर टेस्ट टाळू नका. ‘काही नाही’ असेल तर खर्च करायचा का, हे मोकळेपणाने बोला.

इलाजानंतरची नजर

केमो संपली, गाठ गेली. मग आजार खरंच गेला का? आज यासाठी मुख्य टेस्ट पेट-सीटी आहे. तिच्यात साखरेसारखे औषध शिरेतून देतात आणि जास्त साखर खाणाऱ्या पेशी चमकतात. डॉक्टर त्याला १ ते ५ असे गुण देतात. पण टीबी किंवा साधी सूजही पेट-सीटीत चमकते. म्हणून आपल्यासारख्या टीबीच्या देशात पेटमध्ये काही चमकले की लगेच ‘आजार परत आला’ असे समजू नये. शक्य असेल तिथे पुन्हा तुकडा घेऊन खात्री करतात.

इथे जनुकीय तपासणीचा नवा उपयोग पुढे येतो आहे. मरणाऱ्या पेशींच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सुटतात. गाठीची ‘सही’ आधीच नोंदवलेली असेल तर साध्या रक्ताच्या नमुन्यात तीच सही शोधता येते. सही नाहीशी झाली तर चांगली खूण, पुन्हा दिसू लागली तर सावधगिरीचा इशारा. याला लिक्विड बायोप्सी म्हणतात. रक्ताच्या सीएमएल या कॅन्सरमध्ये रक्तातले जनुक ठरावीक महिन्यांनी मोजणे ही आता रोजची पद्धत आहे. लिम्फोमात मात्र ही पद्धत अजून सर्वत्र रुळलेली नाही आणि महागही आहे. त्यामुळे ती झाली नाही म्हणून इलाज अपुरा राहिला असे मानू नका. आणि रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर ओळखून देतो अशी जाहिरात दिसली तर तिला भुलू नका. निरोगी माणसाला अशी टेस्ट करून घ्यायची गरज नाही. लिम्फोमाचे पहिले निदान आजही गाठीच्या तुकड्यावरच होते.

आजार परत आला तरी रस्ते बंद होत नाहीत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यात रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांत जनुक बसवून, लिम्फोमाला ओळखायला शिकवून परत देतात. परदेशाच्या मानाने खर्च सुमारे दहावा भाग असला तरी तो सामान्य घरासाठी अजून मोठाच आहे.

नागपुरात काय करावे

मेडिकल, मेयो, मिहानचे एम्स, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, असे पर्याय आपल्या शहरात आहेत. एखादी जनुकीय टेस्ट इथे होत नसेल तर पेशंटला घेऊन लगेच मुंबईची गाडी पकडायची गरज नाही. बऱ्याचदा ब्लॉकच बाहेरच्या लॅबला पाठवतात. तसे होईल का, ते विचारा.

ब्लॉक आणि स्लाइड हा पेशंटचा ऐवज आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर हॉस्पिटलमध्ये अर्ज करून ते मागता येतात. रिपोर्टसोबत जपून ठेवा, उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका. नागपूरच्या मे महिन्यात मेण वितळायला वेळ लागत नाही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात आणि आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात. कोणता इलाज बसतो, टेस्टचा खर्च धरतात का, हे भरती होण्याआधीच त्यांना विचारा. रेशन कार्ड आणि आधारवरचे नाव सारखे आहे ना, तेही पाहून घ्या. आपल्याकडे ‘शेख’ आधी की नंतर, एवढ्यावरून कागद अडतात.

रिश्त्याची गोष्ट

आता पुन्हा त्या पहिल्या भीतीकडे. लिम्फोमाच्या रुग्णाच्या भावाबहिणींत आणि मुलांत हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त आढळते, हे खरे. पण मुळात ती शक्यता इतकी कमी असते की थोडी वाढूनही कमीच राहते. म्हणून घरातल्या सगळ्यांची जेनेटिक टेस्ट करायला डॉक्टर सांगत नाहीत.

अपवाद एक सांगितला पाहिजे. काही दुर्मीळ आजारांत मुलांची प्रतिकारशक्ती जन्मतःच कमकुवत असते आणि त्यांना लिम्फोमाचा धोका जास्त असतो. असे काही आजार जवळच्या नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतात. एखाद्या मुलाला लहानपणापासून वारंवार मोठे जंतुसंसर्ग होत असतील किंवा घरात अशी मुले दगावली असतील, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. अशा वेळी रक्तावरची वेगळी, खानदानी तपासणी लागते. डॉक्टर तिच्याबद्दल स्वतंत्रपणे समजावतात. गाठीची टेस्ट ती नव्हे. शंका असेल तर सरळ विचारा: “ही टेस्ट गाठीची की जन्मजात जनुकांची?”

बाकी घरांत, अब्बांच्या किंवा खालांच्या लिम्फोमावरून मुलीच्या रिश्त्याला नाही म्हणण्यात काहीच अर्थ नाही. आणि लपवण्याने नुकसान होते ते पेशंटचे. रिपोर्ट लपला की दुसरे डॉक्टर अर्धवट माहितीवर इलाज करतात. पेशंटलाही वाटते की आपल्यामुळे घरावर डाग लागला. आजारी माणसाच्या अंगावर हे ओझे टाकू नका. इलाज वेळेवर करा, कागद सांभाळा, दुआ करा. आणि मोहल्ल्यात कुणाच्या मानेत तीन-चार आठवडे न जाणारी गाठ दिसली, तर त्याला “गरम कपड्याने शेक” असे न सांगता डॉक्टरकडे घेऊन जा.